लाल दोऱ्याची वंशावळ

तोंडात चार-पाच टाचण्या धरून ती बोलायची. गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसायची, पँटवर खडूने रेघ मारायची, चष्म्यावरून वर बघायची आणि विचारायची, "अँड मदर? हू?"

गिऱ्हाईक चक्रावून जायचं. तसा प्रश्नाला संबंध असायचाच. कोणी नुकतंच सांगितलेलं असायचं, की आमचे पणजोबा आयर्लंडहून बोटीने आले. कोणी म्हणायचं, आमच्याकडे तीन पिढ्या सैन्यात. अमेरिकन माणूस पँट आखूड करून घ्यायला दोन मिनिटं उभा राहिला, की काहीतरी सांगतोच. ही सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी हा एकच प्रश्न. पणजोबांची आई कोण? एक उंचापुरा गृहस्थ तर पँटचा एक पाय दुमडलेला, एक लोंबता, अशा अवस्थेत खिशातून फोन काढून आपल्या आत्याला विचारत बसलेला मी पाहिला आहे.

अमेरिकेत हर्नडनला आमच्या अपार्टमेंटसमोरच्या प्लाझात इंडियन ग्रोसरीच्या शेजारी एक ड्रायक्लीनर होता. त्याच्या दुकानातल्या मागच्या कोपऱ्यात हिचं शिलाई मशीन. ती थायलंडची. वय साठीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, मनगटाला टाचण्यांची गादी. तिचं इंग्रजी तुटक होतं. तिचं बोलणं मी इथे मराठीतच सांगणार आहे, पण तो एक प्रश्न तसाच ठेवते. तो मला मराठीत ऐकूच येत नाही.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करते, म्हणजे पुढे तुम्हाला माझा राग आला तर निदान फसवलं असं वाटायला नको. मला त्या बाईचा मत्सर वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवण बेचव करून टाकणारा. वयाने ती माझ्या आईच्या बरोबरीची, तरी मी मनातल्या मनातसुद्धा तिला कधी 'त्या' म्हटलं नाही. मत्सराला अहो-जाहो जमत नाही.

कारण माझी मुलगी. ईशा इथेच जन्मलेली. २००३ मध्ये ती पाच वर्षांची होती आणि मी ड्रायव्हिंग शिकत होते. आठवड्यातून दोन दुपारी तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि ही बाई आपणहून म्हणाली, "इथे बसू दे. बटणं निवडेल." मी ठेवलं. ड्रायव्हिंग तीन महिन्यांत शिकून झालं. ईशा मात्र पुढची चार वर्षं बटणंच निवडत होती.

तिकडे काय चालायचं ते मला हळूहळू कळलं. तिकडे इतिहास चालायचा! आता तुम्हीच बघा. मी नागपूरला ज्युनियर कॉलेजात सहा वर्षं इतिहास शिकवलेला. एम. ए., फर्स्ट क्लास. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. शिकवायला समोर एकच विद्यार्थिनी उरली होती, आणि ती माझ्यापुढे दहा मिनिटांत जांभया द्यायची. रविवारी सकाळी मी तिला बसवून मराठी अक्षरं गिरवून घ्यायचे, तेव्हा तर पेन्सिलीचं टोक दर दोन ओळींनी मोडायचं. तीच पोर त्या दुकानात दोन-दोन तास मांडी न हलवता बसायची.

मांडीही नव्हेच. दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, तळवे मागे. कारण भिंतीवर थायलंडच्या राजाचा फोटो होता, आणि फोटोकडे पाय करायचे नसतात. फोटो कोणाच्याही डोक्याच्या खाली येता कामा नये म्हणून तो पार छताजवळ टांगलेला. एकदा बास्केटबॉल खेळणारा एक ताडमाड मुलगा कोट घेऊन आला, तर तो गेल्यावर हिने शिडी लावून फोटो आणखी चार बोटं वर चढवला. आमच्या घरी देवघरापुढे ईशा धड उभी राहत नाही. तिकडे मात्र तळवे मागे!

ईशा तिला 'पा' म्हणायची. थाई भाषेत आईपेक्षा मोठ्या मावशीला तसं म्हणतात म्हणे. मला त्या दोघी मिळून 'टीचर' म्हणायच्या. म्हणजे ती म्हणायची, आणि तिचं बघून ईशा चिडवायची.

"आई, यू नो, त्यांच्या सगळ्या किंग्जचं नाव राम आहे," एका संध्याकाळी ईशा भात कालवताना म्हणाली. "राम वन, राम टू. आता नाइन आहे. आणि जुनी कॅपिटल अयुत्थया. तुझी अयोध्या आहे ना, तीच."

म्हणजे राम आमचा, अयोध्या आमची, आणि पोरगी गोष्ट ऐकायला जाणार शेजारच्या प्लाझात! रामाची गोष्ट मी तिला तीन वर्षांची असल्यापासून सांगत होते. तेव्हा तिला हनुमानाच्या पुढे काही ऐकायचं नसे.

एक दिवस मीच कोपऱ्यात उभी राहून ऐकलं. खोटं कशाला बोलू, गोष्ट चांगली होती. थायलंडच्या चक्री राजघराण्यातला दुसरा राजा वारला. त्याला दोन मुलगे. थोरला कर्तबगार, कारभार सांभाळणारा. धाकटा वीस वर्षांचा, नुकताच भिक्खू झालेला. राज्य कोणाला?

"थोरल्याला," ईशा म्हणाली.

"अँड मदर? हू?" टाचण्यांतून प्रश्न आला.

थोरल्याची आई राजाच्या अनेक बायकांपैकी एक. धाकट्याची आई राणी. त्यांच्याकडे राजाच्या मुलांची पायरी आईवरून ठरते. म्हणजे मान धाकट्याचा. पण दरबाराने थोरल्याला निवडलं, आणि धाकटा भगवी वस्त्रं तशीच ठेवून सत्तावीस वर्षं मठात राहिला. वाचत, शिकत, पायी हिंडत. भाऊ वारल्यावर सत्तेचाळीसाव्या वर्षी तो चौथा राजा झाला.

"सत्तावीस वर्षं त्याला राग नाही आला?" ईशाने विचारलं.

"आला असेल," ती शिवण उसवत म्हणाली. "रागाला काम दिलं की तो त्रास देत नाही."

हे माझ्याकडे बघून म्हटलं की काय, असं मला तेव्हा वाटलं. तिने बघितलं नव्हतं.

ती स्वतः त्या चौथ्या राजाच्या वंशातली. हे तिने कधी मिरवलं नाही. दुकानाच्या मालकाला तर नावाआधीची पदवीची दोन अक्षरं म्हणजे तिची इनिशियल्स वाटायची. ईशाला तिने ते समजावलं दोऱ्यांच्या कपाटावरून. कपाटाला पाच खण होते. सगळ्यात वरचा खण राजाचा, त्यात जरीचा दोरा. त्याखाली राजाची मुलं, मग नातवंडं, मग पतवंडं. दर पिढीला पदवी एकेक खण खाली उतरते. आणि सगळ्यात खालचा खण खापरपतवंडांचा. त्यात उरलीसुरली बटणं असायची. "हा माझा," ती म्हणाली.

"अँड देन?"

"मग जमीन." तिने चप्पल काढून पाय फरशीवर टेकवला. "जमिनीवर सगळे लोक असतात. बरं असतं."

आमच्याकडे माणसं पिढ्या उलटल्या तरी पूर्वजांच्या तलवारीच्या गोष्टी सांगतात, आणि यांनी घराण्याला उतरण बांधून ठेवली आहे! इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हे फार आवडलं. ईशाची आई म्हणून मला ते तिच्याकडून कळायला नको होतं.

तिच्याजवळ एक गुंडाळी होती. शिंपी बेतायला वापरतात तसल्या खाकी कागदाची, उलगडली की कापायचं टेबल भरून खाली लोंबायची. त्यावर अख्खं घराणं. नावं पेन्सिलीने आणि पेनाने, आणि नात्यांच्या रेघांऐवजी टाके. प्रत्येक मुलापासून बापाकडे निळा दोरा, आईकडे लाल. लालच जास्त दिसायचा. नवव्या राजाच्या आईपाशी तर तिने लाल दोऱ्याचं बारीक फूल भरलं होतं.

"हा राजा तुझ्यासारखा अमेरिकेत जन्मला," तिने ईशाला सांगितलं. "वडील इकडे शिकायला आले होते."

"अँड मदर? हू?" या वेळी ईशानेच विचारलं.

"नर्सिंग शिकणारी मुलगी. राजघराण्यातली नाही. साध्या कारागिराच्या घरची." हे सांगताना तिने इस्त्री अशी काही दाबली, की वाफेचा मोठा फुस्कारा निघाला आणि दोघी हसत सुटल्या.

२००६ मध्ये त्या राजाला गादीवर बसून साठ वर्षं झाली. राजाचा जन्म सोमवारचा, सोमवारचा रंग पिवळा, म्हणून तिकडे सगळे पिवळं घालू लागले. हिने ईशाला एक पिवळा शर्ट शिवून दिला. दर सोमवारी ईशा तोच शर्ट घालून शाळेत जायची. मी दिवाळीसाठी पुण्याहून मागवलेला परकर-पोलका मात्र खाज येते म्हणून कपाटात पडून होता. एका सोमवारी मी तो पिवळा शर्ट मुद्दाम गरम पाण्यात धुतला. आटला नाही. कापड आधी पाण्यात भिजवून मग शिवलं होतं तिने.

मग आली ती फॅमिली ट्री. २००७ ची फॉल सेमिस्टर, ईशा चौथीत. शाळेने प्रत्येकाला आपल्या घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं. मला वाटलं, आता तरी पोरगी माझ्याकडे येईल. आलीही. कोरा कागद पुढे ठेवून म्हणाली, "आई, आपल्यात कोण होतं? किंग नसला तरी चालेल. समवन."

त्या 'समवन'ने घात केला. खरं सांगायचं तर माझ्या सासरचे लोक पोस्टमास्तर, तलाठी, एक हेडमास्तर. पणजोबांच्या पलीकडे मला माहीत नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो खाकी कागद लोंबत होता. ज्या बाईने सहा वर्षं मुलांना 'पुरावा काय?' म्हणून फळ्यापाशी उभं केलं, तिने बसल्या बैठकीला एक सरदार जन्माला घातला. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी. हत्ती दोन. एक लढाईत कामी आला, असंही मी सांगून बसले.

ईशाचे डोळे चमकले. माझ्यासाठी चमकले! त्या पाच मिनिटांसाठी मी आणखी एक हत्ती दिला असता.

दुसऱ्या दिवशी अर्थातच ती कागद घेऊन प्लाझात पळाली. मी मागोमाग गेले. पोचले तेव्हा कागद कापायच्या टेबलावर होता, त्यावर ती बाई वाकलेली होती आणि प्रश्न विचारून झाला होता.

"आई, सरदारची मदर कोण?"

"राधाबाई," मी म्हणाले.

"कुठल्या घरची?" त्या बाईने विचारलं. नुसतं जाणून घ्यायला. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

माझ्या तोंडून एक गाव बाहेर पडेना. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर वंशावळी चाळलेली बाई ती, कच्चा टाका तिला लांबून दिसायचा. मला वाटलं, संपलं. आता ही एक शब्द बोलेल आणि माझी पोरगी उरलेला जन्म माझ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही.

ती ईशाकडे वळली. "टीचरला आठवायला वेळ लागेल. खूप जुनं आहे. तोवर पेन्सिलीने लिही. नक्की झालं की पेनाने."

तिने मला वाचवलं, आणि तेच मला सहन झालं नाही. ईशा शेजारच्या दुकानात चॉकलेट बघायला गेली तशी मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, पण अर्थ हाच होता: "तुझ्या पोटी कोणी नाही, म्हणून तुला माझी मुलगी हवी आहे. तुझा कागद तिथे संपतो, त्याला मी काय करू?"

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. पाच होत्या. मग म्हणाली, "येस."

एवढंच. मशीनकडे वळून तिने अर्धी राहिलेली शिवण पूर्ण केली.

मी ईशाचं तिकडे जाणं बंद केलं. ईशा आठ दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. नवरा म्हणाला, "काय झालंय यार तुमच्या दोघींचं?" एका सकाळी मी फोन लावला तो वर्ध्याला, सासूबाईंना. म्हटलं, "आई, तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय होतं? आणि त्यांच्या सासूचं?" मग त्या म्हणाल्या, "अगं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." आणि त्या जे बोलायला लागल्या, ते थांबेचनात. तीन सकाळी आम्ही बोलत होतो. दोन नावं त्यांना आठवली, एक त्यांच्या मावसबहिणीकडून मिळालं, एक कोणालाच माहीत नव्हतं. सरदार मी खोडरबराने पुसला. ईशाला खरं सांगितलं.

"तर एलिफंट्स नव्हते?"

"नव्हते."

"पा ला माहीत होतं," ती म्हणाली.

जानेवारीत थायलंडच्या राजाची थोरली बहीण वारली. मी ग्रोसरीत जाताना काचेतून पाहिलं, ती काळ्या कपड्यांत होती. तशीच ती पुढे रोज दिसली. एप्रिलमध्ये मालकाने सांगितलं की ती बँकॉकला भाचीकडे परत चालली आहे, राजकन्येच्या अंत्यसंस्काराला, तिकडे तो काही महिन्यांनी होतो, तिला तिथे असायचं आहे. मग मात्र ईशाला घेऊन जावंच लागलं. बहाणा म्हणून नवऱ्याची एक पँट घेतली. माफी मागायची असं ठरवून गेले होते. पँट आखूड करायची की ढगळ करायची एवढंच बोलले.

ईशाने आपली फॅमिली ट्री टेबलावर पसरली. ती बाई वाकून एकेक नाव मोठ्याने वाचत गेली, आमच्या पोस्टमास्तरांच्या आईचं, तलाठ्यांच्या आईचं. तिच्या तोंडी ती नावं वेगळीच ऐकू यायची. रिकाम्या जागेपाशी थांबली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "छान काम आहे, टीचर." मग ती खाकी गुंडाळी तिने ईशाच्या हातात दिली. माझ्या नाही.

गुंडाळी मी कपाटावर टाकली आणि सहा महिने तिला हात लावला नाही. ती गेली, तिच्या जागी चाव्या बनवायचं मशीन आलं. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. ग्रोसरीतून येताना मी अजून काचेतून आत बघायचे.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ईशा टेबलाशी अभ्यास करत होती. मी गुंडाळी खाली काढली आणि जमिनीवर उलगडत गेले. नऊ राजे, राण्या, बायका, मुलं. निळा दोरा, लाल दोरा. लाल फुलापाशीची नर्स. खाली खाली उतरत मी शेवटच्या टोकाला आले. तिथे तिचं नाव. त्याच्यापासून बापाकडे गेलेला निळा दोरा. आणि लाल दोरा तिथून निघून कागदाच्या पार कडेला गेलेला, जिथे थाई अक्षरं नव्हती. तिथे पेन्सिलीने, देवनागरीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: चंपा.

त्यातला 'च' माझ्यासारखा होता. रविवारी सकाळी गिरवून घेतलेला.

"ईशा, हे कोण?"

"पा ची आई." तिने वहीतून मान वर केली नाही. "ती त्यांच्या घरात कपडे शिवायची. शी वॉज नॉट अ रिअल वाइफ, सो फॅमिलीच्या बुकमध्ये तिला घेतलंच नाही. पा म्हणाली, बुकात नाही ते मी माझ्या हाताने कसं लिहू. मग मी म्हटलं, आय विल राइट. मराठीत लिहिलं म्हणजे तिथलं कोणी ओरडणार नाही."

"तुला हे कधी सांगितलं तिने?"

"फर्स्ट डे. मी विचारलं ना. लिहिलं मग नंतर, मराठी अक्षरं आली तेव्हा."

"काय विचारलंस?"

आता ईशाने वर बघितलं, इतकं सोपं कसं कळत नाही अशा नजरेने. "अँड मदर? हू? ती सगळ्यांना विचारते, मग मी तिला विचारलं. ती म्हणाली, इथे आल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. तू पण नाही विचारलंस ना, आई?"

पाच वर्षं मी त्या दुकानात जात होते. एम. ए., फर्स्ट क्लास. राजांच्या आया मला पाठ झाल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या आईबद्दल मी एकदाही विचारलं नाही, आणि शेवटी बोलले ते त्यांच्या पोटी कोणी नाही, हे.

माझा मत्सर तेव्हा गेला असं लिहिलं, तर तो आणखी एक सरदार होईल. गेला नाही. ते नाव त्यांनी माझ्या मुलीला सांगितलं, मला नाही, याचं आजही वाईट वाटतं. त्या दुपारी मला ती अक्षरं स्वतः गिरवायची होती. हात शिवशिवत होता. मी टेबलावरून पेन उचललं, टोपण काढलं, कागदाच्या कडेला गुडघे टेकले.

"ईशा, इकडे ये," मी म्हणाले. "हे नक्की झालंय."

आणि पेन तिच्या हातात दिलं.